चिऱ्याच्या घरातलं वायफाय : डेको एम४ राउटर वापरून दोन पावसाळे

आमचं घर देवरुखच्या पुढे, आतल्या वाडीत आहे. कौलारू, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, आप्पांच्या वडिलांनी बांधलेलं. पुढे खळं, मग ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून माझी कामाची खोली, शेवटी मागची पडवी. माजघराच्या वर माडी. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जेमतेम पन्नास फूट. एवढ्याशा अंतराला राउटर कसा पुरत नाही, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण या पन्नास फुटांत आडव्या भिंती तीन आहेत आणि प्रत्येक भिंत सव्वा फूट जाड आहे.

हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण राउटर निवडताना मला जे वाचायला मिळालं ते सगळं फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी लिहिलेलं होतं. चिऱ्याच्या घराबद्दल कुणी काही लिहिलेलं सापडलं नाही. कोकणात असं घर असलेले आणि घरूनच काम करणारे आता बरेच आहेत. माझे दोनदा पैसे गेले, त्यांचे जाऊ नयेत.

मी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवते आणि त्यांचे जीएसटीचे रिटर्न भरते. दर महिन्याची ११ आणि २० तारीख म्हणजे माझ्या परीक्षेचे दिवस. २० तारीख चुकली तर ज्याची विक्री आहे त्याला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क बसतं, आणि ते माझ्या इंटरनेटमुळे बसलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. तीन वर्षांपूर्वी जुलैच्या २० तारखेला संध्याकाळी पाच जणांचे रिटर्न बाकी होते आणि कामाच्या खोलीत पान उघडेचना. लॅपटॉप घेऊन ओटीवर गेले. बाहेर पावसाची झड येत होती, आप्पा झोपाळ्यावरून उठून खुर्चीत बसले, मी झोपाळ्यावर पाट ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवला आणि रात्री साडेनऊपर्यंत तिथे बसून काम उरकलं. आप्पांनी माझ्या पाठीवर घोंगडी आणून टाकली. त्या रात्री ठरवलं, की याचा बंदोबस्त करायचा.

फायबर आमच्याकडे आली तेव्हा केबलवाल्याच्या माणसाने खांबावरून वायर आणून ओटीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या मागे, वायफायचा डबा ठोकला आणि तो गेला. तिथून वायर सोपी पडत होती, एवढंच कारण. शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे. ओटीवर पूर्ण शंभर मिळायचे, माजघरात चाळीस, स्वयंपाकघरात नशीब असेल तर आठ-दहा, आणि माझ्या खोलीत कधी तीन, कधी शून्य.

पहिला उपाय केला तो एक्स्टेंडरचा, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या डब्याचा. सॉकेटमध्ये खोचायचा, दीड हजारांचा. नाव लिहीत नाही, कारण चूक त्याची कमी आणि माझी जास्त होती. मी तो स्वयंपाकघरात लावला, जिथे सिग्नल आधीच मरतुकडा होता. फोनवर पाचही काड्या दिसायला लागल्या. मुलगा खूष झाला. पण स्पीड चारच्या वर जाईना. नंतर कळलं, की त्या काड्या फोन आणि एक्स्टेंडर यांच्यामधल्या होत्या. एक्स्टेंडर आणि ओटीवरचा डबा यांच्यात काय चाललंय ते काड्या सांगत नाहीत. शिवाय असा एक्स्टेंडर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर पुढे बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा हवेतून जाते आणि वेग निम्मा होतो. खराब सिग्नलची निम्मी वाट, एवढंच पदरी पडलं.

दुसरा उपाय सहा अँटेनांचा मोठा राउटर. खोक्यावर १२०० असा आकडा ठळक छापलेला. तो आकडा कसा होतो ते सांगते, कारण दुकानात कुणी सांगत नाही. असा राउटर दोन लहरींवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७, यांची बेरीज करून ती गोल करतात. एका वेळी एका फोनला १२०० कधीच मिळत नाहीत. आणि आमच्या त्या राउटरच्या मागच्या वायरच्या जागा होत्या १०० एमबीपीएसच्या, म्हणजे उद्या दोनशेचा प्लॅन घेतला असता तरी आत शंभरच शिरले असते. खोकं उलटं करून 'गिगाबिट पोर्ट', म्हणजे हजार एमबीपीएसची जागा, हे शब्द शोधायची सवय मला तेव्हापासून लागली.

त्या सहा अँटेनांनी माझ्या खोलीत फरक पडला, पण नावापुरता. यामागचं कारण कळायला मला वेळ लागला. राउटरने किती जोरात बोलायचं याला सरकारी मर्यादा आहे, तेव्हा कितीही अँटेना लावा, आवाज ठरावीकच. आणि समजा आवाज भिंतीपलीकडे पोचला, तरी माझ्या फोनचं किंवा लॅपटॉपचं बारीक बोलणं परत ओटीपर्यंत ऐकू जायला हवं. त्यांची अँटेना तर बोटभरसुद्धा नसते. मीटिंगमध्ये मला सगळ्यांचं ऐकू यायचं आणि माझा आवाज तुटायचा, तो यामुळेच.

मग मी अंदाज बांधणं सोडलं आणि मोजायला लागले. फोनवर सिग्नल मोजायची फुकट ॲप मिळतात, ती आकडा डीबीएममध्ये दाखवतात. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. तीनने खाली गेला की ताकद निम्मी, दहाने खाली गेला की एक दशांश. उणे पन्नासच्या आसपास असेल तर झकास. उणे ६७पर्यंत व्हिडिओवर बोलता येतं. उणे ७५च्या पलीकडे सगळं रडत चालतं. वही घेतली आणि मे महिन्यात घरभर फिरले. २.४ गिगाहर्ट्झवर ओटी उणे ४२, माजघर उणे ५८, स्वयंपाकघर उणे ७२, मागची पडवी उणे ८१. ५ गिगाहर्ट्झवर ओटी उणे ४५, माजघर उणे ६९, स्वयंपाकघरात नावच दिसेना. म्हणजे एकेक भिंत २.४वर चौदा-सोळा खात होती आणि ५वर चोवीस. जास्त वेगाची लहर आखूड असते आणि भिंतीत लवकर विरते, हे वाचलेलं होतं. वहीत उतरल्यावर पटलं.

माडीचा आकडा मात्र चकित करणारा निघाला : उणे ६१. ओटीपासून तिरकं अंतर स्वयंपाकघराएवढंच आहे. पण माडीच्या वाटेत चिऱ्याची एकच भिंत येते आणि वर सागवानी तक्तपोशी. लाकडातून सिग्नल सहज जातो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की आपली लढाई अंतराशी नाही, चिऱ्याशी आहे.

हीच मोजणी मी जुलैत परत केली. फोन तोच, उभं राहायची जागा तीच. स्वयंपाकघर उणे ७९. मे महिन्यापेक्षा सातने खाली, म्हणजे ताकद पाचपटीने कमी. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. पागोळ्यांनी भिजलेली आमची भिंत ऑगस्टात हात लावला तर गार ओलसर लागते, आणि पाणी या लहरी गिळतं. दरवर्षी पावसाळ्यात 'नेट खराब' अशी मी केबलवाल्याकडे तक्रार करायची, त्यातल्या निम्म्या तक्रारी खरं म्हणजे भिंतीच्या होत्या.

इतकं कळल्यावर निवड सोपी झाली. एक जोरदार राउटर नको, दोन साधे हवेत. भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. आणि दोघांनी एकमेकांशी भिंतीतून ओरडून नाही, वायरीतून बोलायला हवं. रत्नागिरीतल्या दुकानात गेले तेव्हा दुकानदार म्हणाले, "वहिनी, मेश घ्या, वायर लागतच नाही, हीच तर त्याची गंमत." मेश म्हणजे एकाच नावाने मिळून वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे. मी विचारलं, वायर लावायची म्हटली तर लावता येते का, आणि दोन्ही डब्यांना गिगाबिट जागा आहेत का? त्यांनी खोकं फिरवून पाहिलं. टीपी-लिंकचा डेको एम४, दोनचा संच. प्रत्येक डब्याला दोन-दोन गिगाबिट जागा. साडेसहा हजारांच्या आसपास पडला.

दिसायला पांढरा, उभा, साधारण १९ सेंटीमीटर उंचीचा नळकांड्यासारखा डबा. बाहेर एकही अँटेना नाही. दोन्ही डबे एकसारखे, त्यातला कुठलाही मुख्य करता येतो. मांडणी फोनवरच्या ॲपमधून होते आणि त्यासाठी खातं उघडावं लागतं. ज्यांना संगणकावर बसून एकेक सेटिंग हाताने करायची आवड आहे त्यांना हे अपुरं वाटेल. मला वीस मिनिटांत जमलं.

आधी दुकानदारांचं ऐकून बिनवायरीचं करून पाहिलं. दुसरा डबा माजघरात ठेवला, कारण दुसऱ्या डब्यालाही चांगला सिग्नल मिळायला हवा, तो काळोखात ठेवून चालत नाही. एक्स्टेंडरच्या वेळी केलेली चूक इथे केली नाही. माझ्या खोलीत स्पीड तीसवर गेला. तीन ते तीस ही मोठीच मजल होती. पण एम४ दोनच लहरींचा आहे, डब्याडब्यांच्या बोलण्यासाठी त्याच्याकडे वेगळी तिसरी लहर नाही. फोनशीही त्याच लहरीवर आणि ओटीवरच्या मोठ्या भावाशीही त्याच लहरीवर. मुलाचा क्लास सुरू झाला की माझे तीस बारावर यायचे.

मग वायर. या संबंध खरेदीत मला सर्वांत मोलाचे वाटलेले पैसे ते वायरीचे. कॅट ६ प्रकारची नेटवर्कची वायर, वीस मीटर. घेताना टोक कापून एक तार ब्लेडने खरवडून पाहिली. आतून तांबडीच राहिली तर तांबं. आतून पांढुरकी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती घ्यायची नाही, आमच्या दमट हवेत तर अजिबात नाही. पहिल्या दुकानातली पांढुरकी निघाली, दुसऱ्यातली तांबडी.

आमच्या वाडीतल्या वायरमनने ती ओटीवरून माळ्यावर चढवली, वाशांच्या कडेने नेली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतून खाली उतरवली. पूर्ण वाट पीव्हीसी पाइपातून, कारण माळ्यावर उंदीर आहेत. चिरा भिजलेला असो की कोरडा, ड्रिलला मऊ लागतो, भोक पाडायला पाच मिनिटं लागली. मग तो पायरीवर बसून टोकं जोडायला लागला. आठ बारीक तारा बोटांत सरळ करत तोंडाने म्हणत होता, "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी." आमचा मुलगा समोर बसून त्याच्याबरोबर म्हणायला लागला, पाढे म्हणावेत तसा. टेस्टर लावला तर आठांपैकी सातवा दिवा पेटेना. वायरमन म्हणाला, "वहिनी, चालेल तसंही." आणि ते खरंही होतं : शंभरचं काम चार तारांवर होतं, सातवी त्यात लागत नाही. पण गिगाबिटला आठही लागतात. मी म्हटलं, भाऊ, परत माळ्यावर चढायची वेळ येऊ नये, टोक कापून नवं लाव. त्याने कुरकुर न करता लावलं. आठही दिवे ओळीने लागले तेव्हा मुलाने टाळ्या वाजवल्या.

पहिला डबा ओटीवर, कपाटापासून दूर, खांद्याच्या उंचीच्या फळीवर. दुसरा स्वयंपाकघर आणि माझी खोली यांच्यामधल्या दाराच्या वर. आधी मी तो फ्रिजवर ठेवला होता. फ्रिज म्हणजे लोखंडी भिंतच की! तिथून हलवल्यावर मागच्या पडवीत सहाचा फरक पडला. आता स्वयंपाकघर उणे ४८, माझी खोली उणे ४४, मागची पडवी उणे ६३. स्पीड सगळीकडे नव्वदच्या वर. आणि मुख्य म्हणजे गेल्या जुलैतही आकडे हेच होते, यंदाच्या जुलैतही हेच. भिंत हवी तेवढी भिजू दे, तिच्यातून आता काही जायचंच नाहीये.

एक तांत्रिक गोष्ट, जी न केल्यामुळे लोक अडकतात. केबलवाल्याचा डबा स्वतःही राउटर असतो. त्याच्यामागे आपला दुसरा राउटर लावला की घरात दोन कारभारी होतात आणि कॅमेरा, गेम, ऑफिसचं व्हीपीएन अशा गोष्टी अडखळू शकतात. केबलवाल्याला 'ब्रिज मोड' करून दे, म्हणजे तुझ्या डब्याचा कारभार बंद कर, म्हणून सांगितलं. आठवडाभर 'करतो' म्हणाला, केलं नाही. शेवटी मीच डेकोला ॲपमधून ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं. मग कारभार जुन्या डब्याकडे राहतो आणि डेको फक्त वायफाय पसरवतो. जुन्या डब्याचं वायफाय बंद करून टाकलं. या मोडमध्ये मुलांच्या वेळेवर बंधन घालण्याची सोय मिळत नाही, हे लक्षात ठेवा. ज्यांना ती हवी आहे त्यांनी ब्रिज मोडसाठी चिकाटी धरावी.

दोन्ही डब्यांचं वायफाय एकाच नावाने चालतं. फोन हातात घेऊन ओटीवरून मागे गेलं की तो आपोआप दुसऱ्या डब्याला लागतो. लागतो कधी, हे मात्र शेवटी फोनच ठरवतो, डबे त्याला फक्त सुचवतात. माझा फोन माजघर ओलांडता ओलांडता बदलतो. आप्पांचा जुना फोन स्वयंपाकघरात पोचला तरी ओटीला धरून बसतो. त्यांना एकदा वायफाय बंद-चालू करायला शिकवलं आहे. आमच्या खोऱ्यात मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू केलंय. आता मुंबईहून नणंदेचा फोन आला की आई चुलीपाशी बसल्या बसल्या बोलतात. पूर्वी त्यांना पदर खोचून खळ्यात जावं लागायचं, पावसात छत्री धरून.

लाईट गेली की वायफायही जातं, आणि इथे लाईट पावसात रोज जाते. राउटरसाठी छोटे १२ व्होल्टचे यूपीएस मिळतात. घेण्याआधी आपल्या अडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा आणि पिन बसते का ते पाहा. मला दोन लागले. ओटीवरचा एक, फायबरचा डबा आणि पहिला डेको मिळून. मागचा एक दुसऱ्या डेकोला. ओटीवरचा तीनेक तास टिकतो.

विजांचं मात्र ऐका. वळवाच्या पावसात आमचा पहिला फायबरचा डबा जळला होता. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. ती आली विजेच्या तारेतून. आता घरात तांब्याची वीस मीटर वायरही आहे. वैशाखात ढग गडगडायला लागले की मी दोन्ही डबे सॉकेटमधून काढते आणि मधली वायरही उपसते. आंब्याच्या पॅकिंगची शेड घरापासून साठ मीटरवर आहे, तिथेही नेट हवंय. पण उघड्यावरून तांब्याची वायर न्यायची नाही, फायबरच न्यायची, हे पक्कं आहे. ते काम दिवाळीनंतर.

हा संच सगळ्यांनी घ्यावा असं मी म्हणणार नाही. नणंदेचं डोंबिवलीला वन बीएचके आहे. ती म्हणाली, मलाही मेश सांग. तिच्याकडे जाऊन मोजलं तर सगळ्या घरात सिग्नल उणे पन्नासच्या आत. अडचण शेजाऱ्यांची होती. २.४वर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि तिच्या ॲपमध्ये छत्तीस नावं दिसत होती. तिच्या फोन-टीव्हीला ५ गिगाहर्ट्झवर टाकलं, राउटर टीव्हीच्या मागून काढून पॅसेजमध्ये ठेवला, झालं. एक पैसा लागला नाही. आणि ज्यांचा प्लॅन तीनशेच्या पुढचा आहे, फोन-लॅपटॉप नवे आहेत, त्यांनी वायफाय ६ बघावं. याच घराण्यातले एक्स२० आणि एक्स५० त्या पिढीचे आहेत. एम४ वायफाय ५चा आहे. माझ्या शंभरच्या प्लॅनला तो पुरून उरतो.

सहा अँटेनांचा तो मोठा राउटर तेव्हापासून फडक्यात गुंडाळून माळ्यावर होता. गेल्या महिन्यात मुलाने बारावीच्या अभ्यासाला माडी धरली. मागच्या डेकोची दुसरी जागा मोकळीच होती. तिथून एक वायर वर नेली आणि तो राउटर ॲक्सेस पॉइंट करून माडीवर ठेवला. त्याच्या टेबलावर आता उणे ३९ आहे.